बार्टोकचं चौथं क्वार्टेट कानात बसवायचं काम: वडगावातल्या नोंदी

१ जून २०२५, रविवार

आजपासून वही चालू. काम असं आहे की विसाव्या शतकातली जी अवघड स्ट्रिंग क्वार्टेट म्हणतात, म्हणजे दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो, त्यातलं निदान एक तरी पुरतं कानात बसवायचं, आणि तेही नुसत्या रेकॉर्डिंगवर, कारण बेळगावात हे समोर बसून ऐकायला कुठं मिळणार. नोटेशन मला वाचता येत नाही. घरात गाणं मात्र आहे. आप्पा माग चालवायचे, पण बैठक धारवाडला असो की मिरजेला, रात्रीची एसटी पकडून जायचेच, आणि मल्लिकार्जुन मन्सूर अण्णांचे अनवट राग मी त्यांच्या टेपवर लहानपणापासनं ऐकत आलोय. त्यामुळं वाटलं की कान तयार आहे, महिनाभरात होऊन जाईल.

सुरुवात इलियट कार्टर ह्या अमेरिकन संगीतकाराच्या तिसऱ्या क्वार्टेटपासनं करायलोय. १९७१ चं आहे, पुलित्झर मिळालेलं. सगळ्यात अवघड तेच म्हणतात, मग आधी तेच करावं, बाकीचं आपोआप सोपं जाईल असा हिशोब.

८ जून

आठवडाभर रोज उद्यमबागेतल्या कारखान्यातनं घरी आल्यावर एकदा ऐकलं. मला ते विरळ वाटायलं, मधे मधे रिकामं, आणि मी वहीत लिहूनही ठेवलं की कार्टर मोकळं लिहितो. आज भाची आली होती, तिनं इअरफोन कानात घातला आणि म्हणाली, मामा, ह्याची उजवी बाजू बंदच आहे की.

आता हे क्वार्टेट कसं रचलंय ते नीट वाचलं तर हातपायच गळाले. कार्टरनं चौघांच्या दोन जोड्या केल्यात. एका जोडीत व्हायोलिन आणि चेलो, ते मोकळ्या लयीत वाजवतात. दुसरीत व्हायोलिन आणि व्हायोला, ते काटेकोर लयीत. दोन्ही जोड्यांनी एकमेकांपासून होईल तितकं लांब बसायचं, आणि दोघांचं संगीत वेगवेगळं पण एकाच वेळी चालू. म्हणजे सात दिवस मी एका जोडीवर कान ठेवून होतो, दुसऱ्या जोडीचा जेवढा आवाज इकडं सांडत होता तेवढाच मला कळत होता. सात दिवस गेले, आणि लिहिलेली दोन पानं फाडून टाकली.

वायरचा नवा हेडफोन घेतला, १,८५० रुपये. तुम्ही हे काम सुरू करणार असाल तर पहिल्या दिवशी डावा-उजवा तपासा, आणि मोबाईलच्या सेटिंगमध्ये मोनो (दोन्ही कानांत एकच आवाज) चालू नाही ना तेही बघा. दोन्ही कानांनी कार्टर ऐकला तर पाच मिनिटंसुद्धा बसवेना. कार्टर बाजूला ठेवला. अवघडापासनं सुरुवात करायचा हिशोबच चुकला होता.

१५ जून

दुसरी निवड हंगेरियन संगीतकार बेला बार्टोक, चौथं क्वार्टेट, १९२८. कारणं तीन. एक, बावीस-तेवीस मिनिटांत संपतं. दोन, पाच मूव्हमेंट, म्हणजे भाग, आहेत आणि प्रत्येक वेगळी धरता येते. तिसरं मला महत्त्वाचं वाटलं, हा माणूस १९०६ पासनं फोनोग्राफ घेऊन हंगेरी-रुमानियातल्या खेड्यांत जाऊन शेतकऱ्यांची गाणी मेणाच्या नळकांड्यावर भरून आणायचा, तेव्हा त्याच्या संगीतात कुठंतरी माती असणारच, आणि माती असली तर मला वाट सापडंल.

रेकॉर्डिंग टाकाच क्वार्टेट नावाच्या चौघा वादकांचं घेतलं, डेक्का कंपनीचं, नव्वदीतलं.

इथंही चार दिवस वाया गेले. फुकटच्या ॲपवर शफल चालू होतं, त्यामुळं पहिल्या मूव्हमेंटनंतर तिसरी, मग जाहिरात, मग दुसऱ्याच कुणाचं तरी काहीतरी. मी तेच क्वार्टेट समजून ऐकत होतो. महिन्याचे ११९ रुपये भरले आणि पाचही भाग क्रमानं डाउनलोड करून घेतले.

२२ जून

सगळ्यात मोठी चूक ह्या आठवड्यात झाली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मला आधार पाहिजे होता. आमची सवय अशी की तंबोरा लागला, सा ठरला, की मग बाकी सूर कुठं बसतात ते कळतं. म्हणून मोबाईलवर तंबोऱ्याचं ॲप लावलं, पांढरी एक, म्हणजे पेटीवरची पहिली पांढरी पट्टी, कारण हे क्वार्टेट त्या सुराभोवती फिरतं असं वाचलं होतं, आणि ते बारीक आवाजात चालू ठेवून वर बार्टोक ऐकायला लागलो. आठ दिवस. प्रत्येक सूर तंबोऱ्याला घासायला लागला, आणि तो घासला की मी आतल्या आत तो दुरुस्त करायला बघायचो. डोकं ठणकायचं. शुक्रवारी तर चिडून वही मिटली आणि दोन दिवस उघडली नाही.

आप्पा शेजारच्या खाटेवर असतात, ते सगळं बघत होते. आज जेवताना म्हणाले, तू सा लावून बसलास तर बाकी सगळं तुला बेसूरच लागणार की रे, त्यांनी तुला सा दिलाय कुठं. मग म्हणाले, अण्णांचं पहिल्यांदा ऐकलो तेव्हा मलाबी काय कळलं नव्हतं, नुसतं एवढं कळलं होतं की ह्या माणसाला कळतंय.

तंबोरा बंद. ॲप काढून टाकलं.

२९ जून

पद्धत बदलली. पूर्ण क्वार्टेट ऐकायचंच नाही. फक्त चौथी मूव्हमेंट, तीन मिनिटांच्या आतबाहेरची, रोज सकाळी तीनदा. ह्या मूव्हमेंटमध्ये गज कुणीच वापरत नाही, चौघंही बोटांनी तारा छेडतात, त्याला पिझिकाटो म्हणतात.

आणि इथं मला पहिल्यांदा काहीतरी ओळखीचं सापडलं. मधे मधे तार इतकी जोरात ओढून सोडतात की ती खालच्या पट्टीवर आपटून खाडकन वाजते. हा प्रकार बार्टोकनं इतका वापरला की त्याला आता बार्टोक पिझिकाटो असंच म्हणतात. ते ऐकताना मला एकदम सौंदत्तीच्या यल्लम्माच्या जोगतींचं चौंडकं, ते एका तारेचं वाद्य, आठवलं. माघी पुनवेला आई आम्हाला घेऊन डोंगरावर जायची, तिथं ते डुंगऽ डुंगऽ सतत कानावर असायचं, तार ताणली की सूर वर सरकतो, ढिली केली की खाली येतो, आणि वर त्या तारेचा तो कडक ठोका. चौंडक्यात सूर धरायला जाऊन कुणी ऐकत नाही. ठोका, सरकणं, परत ठोका. तसं ऐकलं आणि चौथी मूव्हमेंट चार दिवसांत पाठ झाली. मशीनवर उभा असताना डोक्यात चालू व्हायला लागली, इन्स्पेक्शनच्या टेबलावर बोटं वाजायला लागली.

ज्यांना हे करून बघायचंय त्यांनी चौथीपासनंच सुरुवात करा. मी पहिलीपासनं केलो, तीन आठवडे घालवलो.

६ जुलै, आषाढी एकादशी

गल्लीत सकाळपासनं अभंग, त्यामुळं ऐकणं नाही. पण भाचीला सुट्टी, ती व्हायोलिन घेऊन आली. ती आपल्या पद्धतीचं व्हायोलिन शिकते, मांडी घालून बसून, तरी वाद्य तेच. मी तिला दुसऱ्या मूव्हमेंटमधले आवाज ऐकवले आणि विचारलं की हे कसं काढतात.

तिनं एकेक करून दाखवलं. गज घोडीच्या, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या लाकडी तुकड्याच्या, अगदी जवळ नेला तर आवाज काचेसारखा होतो, मूळ सूर पातळ आणि वरचं चिरकं जास्त. बोट न उचलता सरकवलं की मींडच, पण ही मींड कुठल्या सुरावर जाऊन विसावत नाही, मधेच सोडून देते. आणि म्यूट, म्हणजे घोडीवर लावून आवाज दाबायची चिमटी, नव्हतं तर तिनं घोडीला कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा लावला, आवाज झटकन गोधडीखाली गेल्यासारखा झाला. दुसरी मूव्हमेंट सगळी अशी म्यूट लावून, अतिशय जलद.

अर्धा तास लागला सगळ्याला. तीन आठवड्यांत जे कळलं नव्हतं ते कळलं. मी तोवर हे सगळे आवाज इफेक्ट समजत होतो, भीती वाटावी म्हणून घातलेले. आता ऐकताना हात दिसतो, गज कुठं आहे ते दिसतं. ओळखीत कुणी व्हायोलिनवाला असंल तर त्याला चहा पाजा आणि एवढं बघून घ्या, पैसे लागत नाहीत.

१३ जुलै

पाऊस थांबंना. दुसऱ्या मूव्हमेंटवर काम चालू आहे पण अडचण आवाजाची आहे. शेजारी आठ माग आहेत, सकाळी सातला चालू झाले की भिंत थरथरते, आणि दुसरी मूव्हमेंट आहे कुजबुजीसारखी. मी काय केलो, व्हॉल्यूम वाढवलो. कुजबूज ऐकू आली, पण मग चौथीतला तो खाडकन ठोका असा कानात बसला की संध्याकाळपर्यंत कान वाजत होता. असं करू नका. एकदा व्हॉल्यूम ठरवला की पूर्ण क्वार्टेटला तोच ठेवायचा, आणि हळू आवाज ऐकू येत नसतील तर वेळ बदलायची.

आता पहाटे साडेचार. पंखा बंद. मोबाईलमध्ये आवाज आपोआप सारखा करणारं सेटिंग असतं तेही बंद केलं, कारण ते हळूला मोठं आणि मोठ्याला हळू करून टाकतं, मग त्या माणसानं एवढं ठरवून लिहिलेला फरकच निघून जातो. बुधवारी लाईट गेली तेव्हा अंधारात ऐकलं, आजवरचं सगळ्यात चांगलं ऐकणं तेच झालं.

२० जुलै

आज सापडलं. दुसरी आणि चौथी एकच आहे!

म्हणजे चाल तीच. दुसरीत ती अगदी दाटीनं जाते, पेटीवर एका पट्टीला लागून दुसरी, काळी-पांढरी काही न सोडता वर चढायचं आणि तसंच उतरायचं. चौथीत तीच चाल, पण पट्ट्या सोडून सोडून, ऐसपैस. मागावरच्या माणसाला हे लगेच कळंल, नक्षी तीच, फक्त ताणा विरळ केलाय. पुस्तकी लोकांना हे आधीपासनं ठाऊकच आहे, पुढं वाचताना मलाही सापडलं, पण मी ते पहाटे अंधारात स्वतःच्या कानानं पकडलं त्याचा आनंद दिवसभर टिकला. कारखान्यात कुणाला सांगणार, तरी कन्नड बोलणारा एक सोबती आहे त्याला सांगितलंच, त्यानं हेडफोन लावून चौथी ऐकली आणि विचारलं की ह्यांची वाद्यं तुटत नाहीत का.

मग कागद घेऊन घडी घातली. तिसरी मूव्हमेंट घडीवर, दुसरी-चौथी समोरासमोर, पहिली-पाचवी समोरासमोर. बार्टोकनं ते तसंच बांधलंय. ही घडी वहीला चिकटवली.

२७ जुलै

जत्रेचे पाव्हणे, घर भरलेलं. पूर्ण आठवडा शून्य.

३ ऑगस्ट

तिसरी मूव्हमेंट. संथ. वरचे तिघं एकेक सूर लावून धरतात, आधी सपाट, बोट न हलवता, मग तेच सूर जरा कंप देऊन, आणि त्या उभ्या आवाजावर चेलो एकटा बोलायला लागतो. बोलायला लागतो असंच म्हणायला पाहिजे. लय मोजता येत नाही, श्वास लागंल तसा थांबतो, एखाद्या सुरावर रेंगाळून शेवटाला झटका देऊन सोडतो.

आज मी हेडफोन काढून मोबाईल छोट्या स्पीकरला जोडला आणि आप्पांना काही न सांगता ही मूव्हमेंट लावली. ते डोळे मिटून पडले होते. चेलो चालू झाल्यावर त्यांचा हात खाटेच्या कडेवर जरा उचलला गेला, बैठकीत दाद देताना जायचा तसा. मधल्या भागात व्हायोलिन पाखरासारखं टिपटिपतं तिथं त्यांनी डोळे उघडले आणि परत मिटले. संपल्यावर म्हणाले, आलाप करतोय, पण मागचे लोक तंबोरा धरून नाहीत, गर्दी धरून आहेत.

मी दोन महिने जे शोधत होतो ते ह्या एका वाक्यात आलं. ते तिघं चेलोला सा देत नाहीत, त्याच्याभोवती उभे राहतात, आणि गर्दीत उभा राहून एकटा माणूस बोलतो तसा तो बोलतो. मला त्याच्यानंतर ही मूव्हमेंट कधी परकी वाटली नाही.

१० ऑगस्ट

उत्साहात नवी चूक. चार वेगवेगळी रेकॉर्डिंग एकाच आठवड्यात लावली, टाकाच, एमर्सन क्वार्टेटचं १९८८ चं, ज्युलिअर्ड क्वार्टेटचं १९६३ चं, हंगेरियन क्वार्टेटचं. वाटलं तुलना केली की जास्त कळंल. झालं उलटं, डोक्यात बसलेलं विस्कटलं, कारण एकाची चौथी जलद, दुसऱ्याची सावकाश, एकाचा ठोका कोरडा तर दुसऱ्याचा घुमणारा, आणि मला पुढं काय येणार हे जे पाठ झालं होतं ते डळमळायला लागलं. पाच दिवस परत एकट्या टाकाचवर घालवावे लागले. एक रेकॉर्डिंग पूर्ण पाठ होईपर्यंत दुसऱ्याला हात लावू नका.

१७ ऑगस्ट

पहिली आणि पाचवी राहिल्या होत्या. पहिली सगळ्यात दगडी, चौघंही एकमेकांच्या अंगावर पडतात असं वाटतं.

आधी स्कोअरचा, म्हणजे चौघांच्या छापील नोटेशनचा, प्रयत्न केला. बार्टोक १९४५ ला गेला, त्यामुळं आपल्याकडं आता त्यावर कॉपीराइट नाही, उतरवून झेरॉक्स आणि स्पायरल करून आणला, २१० रुपये. काही उपयोग झाला नाही. वाचता येत नसताना नुसत्या आकारावर नजर ठेवून अर्धं मिनिट जातं, मग पान हरवतं, आणि डोळे कामाला लागले की कान झोपतो. स्कोअर भाचीला दिला.

मग आप्पांची पेटी काढली. ह्या मूव्हमेंटचं बी सहा सुरांचं आहे, सुरुवातीनंतर लगेच चेलोत येतं. पांढरी सात, पुढची पांढरी एक, काळी एक, मग परत पांढरी एक, सात, आणि शेवटी काळी पाच. तीन सूर चढायचे, तीन उतरायचे, निघालो तिथनं अर्धा सूर खाली जाऊन थांबायचं. बस एवढंच. मी ते पेटीवर शंभरेक वेळा वाजवलं असंल, आई स्वयंपाकघरातनं म्हणाली दुसरं काय येत नाही का त्याला. नंतर मूव्हमेंट लावली तर तो सहा सुरांचा तुकडा सगळीकडं दिसायला लागला, उलटा, ताणलेला, दोघांत वाटून घेतलेला, एकाचा संपायच्या आत दुसऱ्यानं उचललेला. अंगावर पडतात असं जे वाटत होतं ते म्हणजे चौघंही एकच वाक्य एकाच वेळी म्हणायला बघतात ते होतं.

पाचवीत तोच तुकडा परत येतो, खेड्यातल्या नाचाच्या जोरात, आणि शेवट तर पहिलीच्या शेवटासारखाच. दोन्ही शेवट लागोपाठ लावून बघा, खात्री पटते.

२४ ऑगस्ट

पहाटे पूर्ण क्वार्टेट एका बैठकीत. पहिल्यांदाच एकदाही घड्याळ बघितलं नाही. तिसरी संपून चौथीचा पहिला ठोका पडला तेव्हा अंगावर काटा आला.

७ सप्टेंबर

गणपतीत काही झालं नाही, होणारही नव्हतं, अकरा दिवस गल्लीत आवाज आणि काल रात्रभर मिरवणूक. भीती होती की सगळं पुसलं गेलं असंल. आज दुपारी सामसूम होती, लावून बघितलं, सगळं जागेवर आहे.

पाचव्या क्वार्टेटला हात घातलाय, १९३४ चं. ते काळी पाचवर हातोडा मारल्यासारखं सुरू होतं. मी थेट मधल्या स्केर्त्सोवर, म्हणजे जलद तिसऱ्या मूव्हमेंटवर, गेलो कारण ती बल्गेरियन लयीत आहे आणि लय मला मोजता येते. नऊ मात्रा, पण चार-दोन-तीन अशा तोडलेल्या. बोटांवर दोन दिवसांत बसलं. तिच्या मधल्या भागात, त्याला ट्रायो म्हणतात, दहा मात्रा, मी झपताल समजून दोन-तीन-दोन-तीन धरलं आणि तीन दिवस सम चुकत राहिली. ती तीन-दोन-दोन-तीन आहे. तोड बदलली की चाल सरळ पायात येते, उद्यमबागेपर्यंत सायकल मारताना मोजत गेलो.

१४ सप्टेंबर

आजवरचा खर्च: हेडफोन १,८५०, ॲपचे चार महिन्यांचे ४७६, झेरॉक्स २१०. वेळ साधारण नव्वद तास, त्यातले निदान पस्तीस वरच्या चुकांत गेले.

काल वेबर्न ह्या ऑस्ट्रियन संगीतकाराचे क्वार्टेटसाठीचे सहा बागातेल, म्हणजे छोटे तुकडे, लावले, १९११ ते १३ मधले, सगळे मिळून चार-एक मिनिटं. एकेक तुकडा सुरू झाला म्हणेपर्यंत संपतो, पेटीवर वाजवायला जावं तर दोन सुरांपलीकडं हातात काही येत नाही, आणि चौंडकंही इथं कामाचं नाही. आज सकाळी पहिला तुकडा अकरा वेळा ऐकला. अकराव्यांदा एवढं कळलं की सुरांच्या मधली गप्प जागासुद्धा लिहिलेली आहे, तिचीही लांबी ठरलेली आहे. आप्पांना ऐकवलं तर ते म्हणाले परत लाव, आणि परत लावल्यावर म्हणाले आणखी एकदा लाव.